ड्रमरची साडेतीन मिनिटं आणि तुमची बावीस

पुण्यातल्या ३१ वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आहे. नोकरी आयटीतली, जीव कीबोर्डमध्ये. कॉलेजात जमलेला पाच जणांचा बँड अजून टिकून आहे आणि इतकी वर्षं तो प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत, वाजवत आला आहे. त्यांची सगळ्यात मोठी रचना २२ मिनिटांची, आणि तिचा बराचसा भाग या वाचकानंच बांधलेला. गेल्या वर्षापासून त्यांचा ड्रमर, जो त्यांचा सर्वांत जुना मित्र आहे, मराठीत साडेतीन-चार मिनिटांची गाणी लिहून स्वतः गायला लागला. त्यातलं एक चाललं. आता कॅफेंमधून, कॉलेजच्या फेस्टिव्हलमधून बोलावणी येतात आणि सगळ्यांना तीच गाणी हवी असतात. मोठी रचना कार्यक्रमातून बाहेर गेली. वाचक लिहितात : ‘जेनेसिसचं फिल कॉलिन्सनं जे केलं, तेच आमचा ड्रमर आमच्या बँडचं करतोय. बाकीचे तिघंही त्याच्याच बाजूचे झाले. मला आता गाण्यात आठ बार (तालाची आठ आवर्तनं) मिळतात. बायको भाजी चिरताना त्याचं गाणं गुणगुणते, माझं तिनं कधी गुणगुणलं नाही. लोकांना चांगलं नकोच असतं का? बँड सोडू, की तडजोड करून गप्प वाजवत राहू?’

जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं. तुमच्या मनात असलेली जेनेसिसची गोष्ट आणि प्रत्यक्षात घडलेली गोष्ट यांत बरंच अंतर आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या अंतरातच सापडतंय. तुमच्या मनातली गोष्ट साधारण अशी असणार : गायक पीटर गॅब्रिएल होता तोवर बँड थोर होता; तो गेला, ड्रमर फिल कॉलिन्स पुढे येऊन गायला लागला आणि बघता बघता सगळं हिट गाण्यांच्या मागे लागलं. प्रोग (प्रोग्रेसिव्ह रॉक) ऐकणाऱ्या पुष्कळांच्या मनात हेच पक्कं बसलेलं असतं. मला हा अन्याय वाटतो. कॉलिन्सवर तर आहेच, गॅब्रिएलवरही आहे.

मुळापासून बघू. इंग्लंडमधल्या चार्टरहाउस शाळेतल्या या मुलांनी सुरुवात केली ती पॉप गाण्यांनी. १९६८ मध्ये आलेलं त्यांचं पहिलं सिंगल ‘द सायलेंट सन’ हे त्यांच्या निर्मात्याला आवडावं म्हणून मुद्दाम बी जीज या पॉप बँडच्या वळणावर लिहिलेलं होतं. तुम्ही ज्या जेनेसिसला निर्मळ मानता त्याचं बालपण हे असं आहे. पुढे चार वर्षांत तीच मुलं ‘सपर्स रेडी’सारखी २३ मिनिटांची रचना करू लागली. गॅब्रिएल १९७५ मध्ये बाहेर पडला. त्यानंतर बँडनं कितीतरी गायकांच्या चाचण्या घेतल्या, कुणीच पटेना, तेव्हा कुठे ड्रमर माइकसमोर उभा राहिला. त्याच्या आवाजातला पहिला अल्बम, १९७६ चा ‘अ ट्रिक ऑफ द टेल’, हा नखशिखांत प्रोग आहे आणि ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. गायक म्हणून ड्रमर आला आणि लगेच संगीत उथळ झालं, असं काही झालेलं नाही.

मग १९७८ मध्ये ‘फॉलो यू फॉलो मी’ आलं, त्यांचं पहिलं खरंखुरं हिट गाणं. त्याचे शब्द बँडमधल्याच माइक रदरफर्डचे आहेत आणि चाल तोवर बँडमध्ये उरलेल्या तिघांनी एकत्र बसून वाजवता वाजवता सापडलेली. त्याच वर्षांमध्ये कॉलिन्स ब्रँड एक्स नावाच्या बँडमध्ये गुंतागुंतीचं जॅझ फ्यूजन वाजवत होता. ‘ड्रमरनं आमचा बँड बिघडवला’ ही तक्रार तिथे टिकत नाही. तिघं मिळून बदलले, आपापल्या ओढीनं. तुमच्या बँडमधल्या उरलेल्या तिघांबद्दल तुमच्या पत्रात एकच वाक्य आहे, ते ‘त्याच्याच बाजूचे झाले’. त्यांना हे नवं वाजवताना काय मिळतंय, हे तुम्ही कधी विचारलंय का? बेसवाल्याला कदाचित प्रथमच समोरचे लोक नाचताना दिसले असतील. त्याचीही काही भूक असेल.

आता मी थोडी रेंगाळणार आहे, कारण यापुढची गोष्ट तुम्ही कीबोर्डवाले असल्यामुळे तुम्हाला कदाचित माझ्यापेक्षा जास्त भिडेल. गॅब्रिएल जेनेसिस सोडून स्वतःचं काम करत होता. त्याच्या तिसऱ्या अल्बमचं रेकॉर्डिंग लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत चाललं होतं. अल्बमभर कुणी सिंबल (ड्रमसेटवरची झांज) वाजवायचा नाही, अशी त्याची अट होती. आणि काही गाण्यांवर ड्रम वाजवायला त्यानं कुणाला बोलावलं होतं? फिल कॉलिन्सला. त्या स्टुडिओतल्या मिक्सिंग टेबलला एक सोय होती. काचेपलीकडच्या वादकाचं बोलणं आतल्या लोकांना ऐकू यावं म्हणून वादकांच्या खोलीत एक माइक टांगलेला असायचा. कुजबुज ऐकू यावी पण ओरडण्यानं कान फुटू नयेत, यासाठी त्या माइकचा आवाज जबरदस्त कंप्रेस केलेला असे. तो बोलण्यासाठीच होता, रेकॉर्डिंगशी त्याचा काही संबंध नव्हता. कॉलिन्स वाजवत असताना तो माइक चालू राहिला, आणि ड्रमचा असा काही दणका अलीकडे आला की ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम यांनी त्या माइकची तार थेट रेकॉर्डिंगपर्यंत नेण्याची व्यवस्था केली. त्यावर नॉइज गेट लावला : ठोका पडतो, खोलीचा घुमार फुगतो आणि विरून जायच्या आत सुरीनं कापल्यासारखा बंद होतो. सिंबलची सततची सळसळ असती तर हा गेट नीट मिटलाच नसता. अट घातली गॅब्रिएलनं, हात कॉलिन्सचे, कान पॅजम यांचे. गॅब्रिएलनं कॉलिन्सला तोच ठेका वाजवत राहायला सांगितलं आणि त्याच्यावर ‘इंट्रूडर’ हे गाणं रचलं. १९८० मध्ये तो अल्बम आला. अमेरिकेतल्या त्याच्या कंपनीनं हे खपणार नाही म्हणून अल्बम नाकारला होता. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला.

जानेवारी १९८१ मध्ये कॉलिन्सचं ‘इन द एअर टुनाइट’ आलं. हेडफोन लावून ते पुन्हा ऐका. तीन मिनिटं चाळीस सेकंदांच्या आसपास जाईपर्यंत ड्रमचा तो प्रसिद्ध कोसळ येतच नाही. तुमच्या मित्राचं गाणं संपतं, त्या सुमाराला इथे मुख्य घटना घडते, आणि हे गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर होतं. ज्यांना आपण घाईचे श्रोते म्हणतो त्यांनीच त्या क्षणाची वाट पाहिली, आजही पाहतात. पुढे ऐंशीच्या दशकातल्या पॉपमध्ये तो कापलेला घुमार जिकडेतिकडे ऐकू येऊ लागला. एका प्रयोगशील अल्बमच्या विचित्र अटीतून निघालेला आवाज दशकाचा आवाज झाला. मुख्य प्रवाहाला प्रयोग नको असतो, असं तुम्ही म्हणता. मला तर दिसतं की तो प्रयोगावरच जगतो. फक्त प्रयोग करणाऱ्याचं नाव त्याच्या लक्षात राहत नाही. तुमचं खरं दुखणं इथे कुठेतरी असावं, असं मला वाटतं.

गॅब्रिएल आणि कॉलिन्स यांच्यात तुम्ही कल्पना करता तसं वैर कधी नव्हतंच. १९८२ मध्ये गॅब्रिएलनं साथीदारांबरोबर वोमॅड हा जगभरच्या संगीताचा महोत्सव सुरू केला. पहिल्याच वर्षी तो कर्जात बुडाला. तेव्हा जेनेसिसचे जुने सोबती, जे एव्हाना रेडिओवर गाजत होते, त्याच्यासाठी एकत्र आले आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी मिल्टन कीन्सला भर पावसात सगळ्यांनी मिळून एक कार्यक्रम केला, त्याचं कर्ज फिटावं म्हणून. पुढे १९८५ मध्ये त्याच महोत्सवात नुसरत फतेह अली खाँ गायले आणि पाश्चात्त्य श्रोत्यांना त्यांची ओळख झाली. लोकप्रिय झालेल्या मित्रांनी प्रयोग करणाऱ्या मित्राला सावरलं नसतं, तर तो महोत्सव पहिल्याच वर्षी आटोपला असता. आणि जुलै १९८६ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावरचं जेनेसिसचं ‘इनव्हिजिबल टच’ कुणी खाली ढकललं? गॅब्रिएलच्याच ‘स्लेजहॅमर’नं. नाचायला लावणारं, पॉपच पॉप गाणं. दोघंही त्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले, एकामागोमाग एका आठवड्यात.

‘लोकांना चांगलं नकोच असतं का?’ या प्रश्नाबद्दल थोडक्यात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला प्रोग स्वतःच मुख्य प्रवाह होता. जेथ्रो टलचा १९७२ चा ‘थिक ॲज अ ब्रिक’ म्हणजे तबकडीच्या दोन्ही बाजूंवर पसरलेली एकच रचना. ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ मध्ये आला आणि १९८८ पर्यंत मिळून ७४१ आठवडे अमेरिकेच्या यादीत राहिला. त्यातलं ‘मनी’ सात मात्रांत चालतं, फक्त गिटारच्या सोलोला चारावर येतं, आणि सिंगल म्हणून ते अमेरिकेत तेराव्या क्रमांकापर्यंत पोचलं. अलीकडचं बोलायचं तर टूल या बँडचं २०१९ चं ‘फिअर इनॉक्युलम’ हे दहा मिनिटांहून मोठं गाणं अमेरिकेच्या पहिल्या शंभरांत आलं. इतकं लांब गाणं त्या यादीत तोवर कधी आलं नव्हतं. आणि आपल्याकडे? पोर्क्युपाइन ट्री हा प्रोग बँड २००९ मध्ये आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजवून गेला. ऐकणारे इथेही आहेत.

प्रोग एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे, ही रेघ बरीचशी १९७६-७७ मध्ये पंक, म्हणजे छोट्या, आक्रमक गाण्यांचं रॉक, आल्यावर ओढली गेली. पण तिथेही गंमत बघा : सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा गायक जॉनी रॉटन ‘आय हेट पिंक फ्लॉइड’ असं लिहिलेला टीशर्ट घालून फिरायचा, आणि तोच १९७७ मध्ये लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीच्या तबकड्या लावायला बसला, तेव्हा त्यात व्हॅन डर ग्राफ जनरेटर या प्रोग बँडच्या पीटर हॅमिलची गाणी होती. वादक माणसं या रेघेच्या अलीकडे-पलीकडे सतत जात-येत राहिलेली आहेत. टॉक टॉकसारखा बँड तर उलट दिशेनं गेला : १९८४ मध्ये ‘इट्स माय लाइफ’सारखं पॉप गाणं करणारे लोक १९८८ मध्ये ‘स्पिरिट ऑफ ईडन’ इतक्या संथ, निःशब्द वाटणाऱ्या संगीतापाशी पोचले.

एवढं सांगूनही तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जेंटल जायंटचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. एका गाण्यात चार-पाच आवाज एकमेकांत विणणारा, तुमच्यासारख्या वादकांचा लाडका बँड. १९७७ च्या ‘द मिसिंग पीस’ या अल्बमपासून त्यांनी सोपी, रेडिओजोगी गाणी करायचा प्रयत्न केला. ते अल्बम ऐकताना मला वाईट वाटतं, कारण त्यात त्यांचा जीव नाही हे ऐकू येतं. नवे श्रोते आले नाहीत, जुने दुखावले आणि १९८० मध्ये बँड संपला. पण त्यांच्यातला डेरेक शुलमन पुढे रेकॉर्ड कंपनीत गेला. रेडिओवर गाजलेल्या बॉन जोव्हीला करार देणारा तोच आणि ड्रीम थिएटर या प्रोग बँडला करार देणाराही तोच. पॉपची त्याला समज नव्हती असं कुणी म्हणू शकणार नाही. स्वतःच्या बँडकडून नको असलेलं काम करून घेणं मात्र त्यालाही जमलं नाही.

याच्याशेजारी रश हा कॅनडाचा प्रोग बँड ठेवून बघा. १९७५ मध्ये त्यांचा एक अल्बम पडला. कंपनीला छोटी गाणी हवी होती. त्यांनी १९७६ मध्ये ‘२११२’ दिलं, ज्याची एक अख्खी बाजू म्हणजे २० मिनिटांची एक रचना, आणि त्यानंच त्यांना तारलं. चार वर्षांनी, कुणीही गळ्यावर सुरी ठेवलेली नसताना, त्यांना छोटं लिहावंसं वाटलं आणि ‘द स्पिरिट ऑफ रेडिओ’ आलं : पाच मिनिटांच्या आतलं, शेवटाकडे मध्येच रेगेत शिरणारं. दोन्ही वेळा ते तितकेच रश आहेत. दोन्ही वेळा ठरवलं त्यांनीच.

म्हणून मी तुमच्याकडे मागते ती एकच तपासणी. तुमच्या मित्राला ही गाणी मनापासून सुचतायत, की चालतील म्हणून तो पाडतोय? पत्रावरून मला पहिलं वाटतं. तो मराठीत लिहितोय, स्वतः गातोय. इंग्रजीत इतकी वर्षं वाजवल्यावर माणूस आपल्या भाषेत गायला लागतो, तेव्हा त्याच्या आत काहीतरी मोकळं झालेलं असतं. ते बाजारासाठी केलंय असं तुम्ही ठरवून टाकलंत, त्याला न विचारता. आणि दुसरा अर्धा भागही तितकाच खरा आहे : तुम्ही ते नुसतं चालवून घ्यायचं म्हणून वाजवत राहिलात, तर त्या गाण्यांना तुमच्यामुळे जेंटल जायंटची कळा येईल. ‘तडजोड करून गप्प वाजवत राहू का’ याला माझं उत्तर नाही असंच आहे. त्यात तुमचंही नुकसान आणि त्याचंही.

आता त्या आठ बारांबद्दल. ते तुम्हाला अपमानासारखे लागलेत, हे मला कळतं. २२ मिनिटांच्या रचनेत तुम्ही घर बांधलं होतंत आणि आता तुम्हाला दारातली पायरी दिली आहे. पण हे दुःख संगीताच्या पावित्र्याचं नाही, ते आपली गरज कमी झाल्याचं आहे, आणि त्याला तेच नाव दिलंत तर मित्राशी बोलणं सोपं जाईल. ‘तू विकला गेलास’ म्हटलंत तर तो बचाव करेल. ‘या गाण्यांत मी कुठे आहे ते मला कळत नाहीये’ म्हटलंत तर तो खुर्ची ओढून बसेल. हे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिहू नका. दोघंच भेटा, प्रॅक्टिसच्या दिवशी भेटू नका, आणि त्याला हेही विचारा की मोठी रचना वाजवताना त्याला काय कमी पडत होतं. कदाचित त्यालाही तिथे पायरीच मिळत होती.

त्याच्या गाण्यांत तुमच्यासारख्या माणसाला करण्याजोगं खूप आहे. एक गाणं घ्या, शब्द आणि मुखडा तसाच ठेवा आणि मधल्या म्युझिकमध्ये सात मात्रांचा एक फेरा आणून बघा. इंग्लंडमध्ये ते विचित्र म्हणून मिरवलं गेलं. आपल्याकडे रूपकातली भावगीतं ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात काही खटकणार नाही, तो टाळीसुद्धा बरोबर देईल. कडव्याला जाताना स्वर बदलून बघा. शेवट लांबवायचा नसेल तर सुरुवात लांबवा : प्रत्यक्ष कार्यक्रमात गाण्याआधीची दोन मिनिटं तुमची, एकट्याच्या कीबोर्डची, असं मागून घ्या. मागितल्याशिवाय कुणी देणार नाही. गॅब्रिएलची सिंबल नको ही अट आठवा; बंधन असलं की कान वेगळं शोधायला लागतो, आणि साडेतीन मिनिटं हे फार चांगलं बंधन आहे. तुम्हाला ते कधी पडलेलं नाही.

मोठ्या रचनेचं काय? ती कॅफेत वाजवू नका. तिथे कॉफीची ऑर्डर चाललेली असते, आणि तिथल्या माणसांनी २२ मिनिटं गप्प बसावं ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यावरून ‘लोकांना चांगलं नको’ असा निष्कर्ष काढू नका. तिचं नीट रेकॉर्डिंग करा, चौघांनाही घेऊन. ती इंटरनेटवर अखंड ठेवा, तुकडे करून नको. वर्षातून एकदा एखादं छोटं सभागृह घेऊन, खुर्च्या मांडून, फक्त तीच वाजवा आणि तसं आधी जाहीर करा. पन्नास माणसं आली तरी ती ऐकायला आलेली असतील. बाकी वेळी हात आखडायला नकोत म्हणून स्वतःचं वेगळं काम सुरू करा, वेगळ्या नावानं. कॉलिन्सला जेनेसिसशेजारी ब्रँड एक्स लागत होता. किंग क्रिमझन या प्रोग बँडच्या रॉबर्ट फ्रिपनं १९७७ मध्ये डेव्हिड बोवीच्या ‘हीरोज’वर गिटार वाजवली, आणि त्याच वर्षी डॅरिल हॉल या अमेरिकन पॉप गायकाबरोबर ‘सेक्रेड साँग्ज’ हा अल्बम केला. तो कंपनीनं हा काही हॉलच्या श्रोत्यांना चालायचा नाही म्हणून १९८० पर्यंत दाबून ठेवला. तिथे पॉप गायकाला प्रयोग हवा होता, श्रोत्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्यावर कंपनी नाही. तुम्ही उद्या अपलोड करू शकता.

आणि घरचं. बायको त्याचं गाणं गुणगुणते याचा राग धरू नका. गुणगुणता येणं हा गाण्याचा एक गुण आहे, तो सगळ्या संगीताला लागू नसतो. तिला एकदा विचारा, मोठ्या रचनेतली कुठली जागा तिला आठवते. ती काहीतरी सांगेल. इतक्या वर्षांत घरात ती रचना तिनं तुमच्याइतकीच ऐकली आहे. ती जी जागा सांगेल तिच्याकडे वादक म्हणून नीट बघा. तिथे एक छोटं गाणं दडलेलं असण्याची शक्यता आहे, आणि ते तुमचं असेल.

हा पेच तुमच्या एकट्याचा नाही. मला नाटकाच्या ग्रुपमधून, कवितेच्या मंडळांतून, अगदी ढोल-ताशा पथकातूनही अशीच पत्रं येतात : आपल्यातल्या एकाचं काम लोकांना आवडू लागलं आणि बाकीच्यांत कुरबुर सुरू झाली. त्या सगळ्यांना मी एक व्यवहाराचं सांगते, तेच तुम्हालाही. श्रेय आणि पैसे यांचं बोलणं आत्ता करा, गोडी आहे तोवर. गॅब्रिएल होता तोवर जेनेसिसच्या गाण्यांवर सगळ्यांचं मिळून नाव लागत असे. तो गेल्यानंतरच्या अल्बमपासून ज्याचं गाणं त्याचं नाव अशी पद्धत आली. दोन्ही चालतात, पण कुठली ते कागदावर हवं. शब्द कुणाचे, चाल कुणाची, मधलं म्युझिक कुणी रचलं, प्रत्येकाचा वाटा किती, हे लिहून पाचही जणांच्या सह्या घ्या, आणि शब्द-चाल करणाऱ्यांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व घेऊन गाणी नोंदवा. चाललेल्या त्या एका गाण्यापासूनच सुरुवात करा. तुमचे आठ बार त्यात असतील तर त्यांचीही नोंद करा.

सोडण्याचा निर्णय मी तुमच्यासाठी घेऊ शकत नाही. मला विचाराल तर आणखी सहा महिने द्या, पण वर सांगितलं तसं झोकून देऊन, आणि त्या काळात वेगळ्या नावाचं तुमचं काम सुरू झालेलं असू दे. तरीही प्रॅक्टिसला जाताना पाय जड होत असतील तर सोडा. ते पाप नाही. गॅब्रिएलनं सोडलं आणि त्याचं भलं झालं, मागे राहिलेल्यांचंही झालं. फक्त त्यानं जसं सोडलं तसं सोडा. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेचा दौरा नुकताच सुरू झालेला असताना, त्यानं सोबत्यांना आपला निर्णय सांगितला आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात दौरा संपेपर्यंत तो प्रत्येक कार्यक्रमात गायला. तुमच्या बँडनं घेतलेल्या तारखा कुठल्या महिन्यापर्यंत आहेत ते आधी बघा, मित्राला समोरासमोर सांगा, त्या सगळ्या तारखा वाजवा, आणि तुमच्या जागी येणाऱ्या कीबोर्डवाल्याला मित्राची गाणी तुम्ही स्वतः बसवून द्या.